लाभ-अलाभ आणि अडलेला प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या समाजातील अनेक कुटुंबे परदेशप्रवासाच्या तयारीला लागतात. तिकिटे काही महिने आधीच काढलेली असतात, दुकान मुनीमजींवर किंवा धाकट्या भावावर सोपवलेले असते आणि घरातील स्त्रिया खाकरे, शेव व सुका मेवा डब्यांतून भरून ठेवतात. एवढ्या सिद्धतेत एक वस्तू मात्र बांधून घ्यायची राहून जाते. ती म्हणजे समता. ती आपल्याजवळ आहे असे आपण गृहीत धरतो. नाही, हे प्रवास अडल्यावरच कळते.

मला ते 2010 च्या एप्रिल महिन्यात कळले. आई, पत्नी आणि दोन मुलांसह स्वित्झर्लंड पाहून आम्ही मुंबईला परतण्यासाठी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे आलो होतो. 14 एप्रिल रोजी आइसलँडमधील हिमाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची बारीक राख वाऱ्याबरोबर युरोपवर पसरली. अशी राख जेट इंजिनातील प्रचंड उष्णतेने वितळते व आतील पात्यांवर काचेसारखी जमून बसते. 1982 मध्ये जावा बेटाजवळ एका जम्बो विमानाची चारही इंजिने अशाच राखेमुळे आकाशात बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून प्रवासी वाचले. हा अनुभव गाठीशी असल्याने युरोपातील बहुतेक देशांनी आपले आकाश बंद केले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि जवळपास एक कोटी प्रवासी ठिकठिकाणी अडकले. त्या कोटीत आम्ही पाच जण होतो.

हे सारे आज शांतपणे लिहिता येते. त्या दिवशी मला एवढेच दिसत होते की आपले विमान रद्द झाले आहे, आईच्या रक्तदाबाच्या दोनच गोळ्या उरल्या आहेत, दुकानात हंगामाचा माल उतरायचा आहे आणि समोरच्या खिडकीवरील तरुण मुलगी ‘काही सांगता येत नाही’ यापलीकडे काही बोलत नाही. तीन तास रांगेत उभा राहिल्यावर माझा तोल गेला. मी तिच्यावर ओरडलो. आमचे पैसे, आमची आई, तुमची बेपर्वाई, असे जे तोंडाला आले ते बोललो. ती लाल झाली, पण उत्तर दिले नाही. मागे वळलो तेव्हा माझी दोन्ही मुले माझ्याकडे पाहत होती.

आई कोपऱ्यात बसली होती. तिने आसन अंथरले, मुहपत्ती बांधली, वाळूचे छोटे घड्याळ पुढे ठेवले आणि सामायिक घेतले. भोवती लहान मुले रडत होती, ध्वनिक्षेपकावरून सूचना होत होत्या, लोक धावत होते. अठ्ठेचाळीस मिनिटे ती जागची हलली नाही. सामायिक पाळून झाल्यावर तिने मला जवळ बसवले आणि विचारले, “विमान न उडाल्याने तुझे किती गेले आणि ओरडल्याने किती गेले, दोन्ही खाती लिहिलीस का?”

व्यापाऱ्याच्या मुलाला याहून स्पष्ट भाषेत सांगण्याची गरज नव्हती. पहिल्या खात्यातील तोटा माझ्या हाती नव्हता. दुसरा मी स्वतः ओढवून घेतला होता, आणि त्याची नोंद माझ्या मुलांच्या मनात झाली होती.

आपल्या शास्त्रांत मुनींना सोसाव्या लागणाऱ्या बावीस परीषहांची गणना आहे. भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्याबरोबरच त्यांत ‘अलाभ’ हा एक परीषह सांगितला आहे. जे मिळावे म्हणून निघालो ते न मिळणे, आणि तरीही मनात खेद किंवा रोष येऊ न देणे, असा त्याचा आशय. भगवान ऋषभदेवांची कथा आपण दरवर्षी अक्षय तृतीयेला ऐकतो. लोक त्यांना हत्ती, घोडे, रत्ने अर्पण करीत होते. आहार कसा द्यावा हेच कोणाला ठाऊक नव्हते. भगवंत कोणावर रागावले नाहीत. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरसाने पारणे होईपर्यंत त्यांचा विहार तसाच शांतपणे चालू राहिला. मुनींची साधना आपल्यासारख्या गृहस्थांना झेपणारी नाही, हे खरे. पण एका विमानाचा अलाभसुद्धा आपल्याला सोसू नये, हेही श्रावकाला शोभत नाही.

आईच्या सांगण्यावरून मी पुन्हा त्या रांगेत उभा राहिलो आणि त्या मुलीची क्षमा मागितली. तिने मान हलवली व पुढच्या प्रवाशाला बोलावले. तिकीट मिळाले नाही, सवलत मिळाली नाही. पण दोन्ही मुले या वेळी माझ्या शेजारी उभी होती. ती सकाळपासून एकटी शेकडो लोकांचा संताप झेलत आहे, हे मला तेव्हा प्रथम दिसले. अनेकान्ताची चर्चा आपण व्याख्यानांत पुष्कळ ऐकतो. खिडकीच्या पलीकडे उभे राहून पाहणे हाही अनेकान्तच आहे.

ती रात्र आम्ही विमानतळावरील घडीच्या खाटांवर काढली. फ्रँकफर्टला एप्रिलच्या मध्यास सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे आईचा चौविहार सुखाने झाला. खाकऱ्यांचा एक डबा आम्ही शेजारच्या वृद्ध जोडप्यापुढे ठेवला. व्हिसा नसल्याने त्यांना विमानतळाबाहेरही पडता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी विमानतळावरील दवाखान्यात आईच्या गोळ्यांची सोय झाली, कारण पत्नीने औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवली होती. पाच दिवसांनी आमचे विमान उडाले. माल धाकट्या भावाने उतरवून घेतला होता.

मनाची समता आणि व्यवहाराची दक्षता यांत विरोध नाही. उलट ज्याने व्यवस्था नीट केली आहे त्याला शांत राहणे सोपे जाते. म्हणून काही गोष्टी येथे नोंदवतो. औषधे ठरलेल्या मुदतीपेक्षा आठवडाभराची अधिक घ्यावीत आणि ती हातातील पिशवीतच ठेवावीत. त्याच पिशवीत दोन दिवसांचा कोरडा आहार असावा. मात्र पेढे, तूप असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाच्या देशांत नेण्यास मनाई आहे. विमान बदलले की जैन भोजनाची मागणी आपोआप पुढे जातेच असे नाही, ती पुन्हा नोंदवावी. जूनमध्ये त्या भागात सूर्यास्त साडेनऊच्याही पुढे जातो, तेव्हा चौविहाराची वेळ स्थानिक सूर्यास्तावरून पाहावी.

युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे उड्डाण रद्द झाले, तर निसर्गाचा कोप असला तरी प्रतीक्षेच्या काळातील भोजन व निवास देणे हे विमान कंपनीचे कर्तव्य आहे. अशा प्रसंगी रोख भरपाई मात्र मिळत नाही. तिकिटाचे पैसे परत घ्यावेत की पुढच्या विमानाने जावे, हे प्रवाशाने ठरवायचे असते. व्हिसाची मुदत संपत असेल तर न घाबरता तेथील अधिकाऱ्यांकडे जावे. अनिवार्य कारणाने अडकलेल्यास शेंगेन व्हिसा विनाशुल्क वाढवून मिळतो. सामान उशिरा हाती आले तर ते मिळाल्यापासून 21 दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी. आणि प्रत्येक खर्चाची पावती जपावी, हे व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगायला नको. हक्क मागण्यात कमीपणा नाही. तो मागताना आवाज चढवावा लागतो, हा मात्र आपला भ्रम आहे.

त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर आम्ही घरातील सर्वांनी एकमेकांना खमवले. धाकट्या मुलाने मला विचारले, “पप्पा, विमानतळावरच्या त्या ताईंना?” तिचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते, पत्ता नव्हता. आईने आमच्याकडे पाहून हात जोडले. मग आम्हीही हात जोडले आणि त्या अनोळखी मुलीला मनोमन म्हटले, मिच्छामि दुक्कडम्.