दुखण्यापासून पेशीपर्यंत : हैदराबादची वाट

शाळेच्या पुस्तकात शरीराची ओळख ठरलेल्या क्रमाने होते. आधी पेशी, मग ऊती, मग इंद्रिये आणि शेवटी पचनसंस्था, श्वसनसंस्था वगैरे. माणसाला हे ज्ञान झाले ते मात्र बहुतेक वेळा उलट्या दिशेने. कुणीतरी आजारी पडले आणि त्या आजाराचा माग काढत दुसरा कुणीतरी पेशीपर्यंत जाऊन पोहोचला. असे काही मोलाचे माग हैदराबादेत काढले गेले. मराठवाड्याची राजधानी १९५६ पर्यंत हेच शहर होते, त्यामुळे हा इतिहास आपल्याही घरचा आहे.

ऑगस्ट १८९७. सिकंदराबादजवळच्या बेगमपेठेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस डास चिरत बसलेले होते. हिवतापाचा परजीवी रोग्याच्या रक्तात असतो, हे फ्रेंच डॉक्टर लॅव्हरान यांनी १८८० मध्येच दाखवले होते. तो रक्तातून बाहेर कसा पडतो, हे कोडे होते. हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी दर डासामागे एक आणा घेऊन डासांना चावू देई. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. आकार सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे आपल्या तांबड्या पेशीच्या जेमतेम दीडपट. एवढ्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. पण त्या पेशींच्या पोटात काळे कण होते, आणि ते कण रॉस यांच्या रोजच्या ओळखीचे होते. परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो आणि त्यातले लोह काळ्या रंगद्रव्याच्या रूपात मागे टाकतो. रोग्याच्या रक्तातली तीच खूण डासाच्या जठरात सापडली होती. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्या पेशी आणखी मोठ्या झाल्या होत्या, म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या. पुढचा दुवा, डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा, रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर जोडला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हुसेन खानचे नाव या कथेत रॉस यांच्या बरोबरीने घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा माग आपल्या ताटातून निघतो. कुन्नूरला सुरू झालेली पोषणविषयक संशोधन संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तेव्हा दख्खनच्या पठारावर गरीब मजुरांत पेलाग्रा दिसत असे. हाताच्या पाठीवर, पायांवर, गळ्याभोवती, जिथे ऊन लागते तिथली कातडी काळी पडून सोलली जाते. जुलाब लागतात. पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. जगात हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध होता आणि नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे १९३७ नंतर स्पष्ट झाले होते. इथले रोगी मात्र ज्वारी खाणारे होते.

कातडी, आतडे आणि मेंदू या तीन दूरच्या ठिकाणी एकच रोग कसा? उत्तर पेशीत आहे. अन्नातून ऊर्जा काढून घेण्यासाठी प्रत्येक पेशीला एनएडी नावाचा रेणू लागतो आणि तो नायासिनपासून बनतो. त्याचा तुटवडा झाला की ज्यांची गरज मोठी त्या पेशी आधी कोलमडतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते, कातडी काही आठवड्यांत. चेतापेशी सहसा विभागत नाहीत, पण शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के असलेला मेंदू ऊर्जा मात्र २० टक्के खर्च करतो.

याच संस्थेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ल्यूसिनकडे बोट दाखवले. ज्वारीत हे अमिनो आम्ल भरपूर असते. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायासिन स्वतः तयार करते, सुमारे ६० मिलिग्रॅममधून १ मिलिग्रॅम. जादा ल्यूसिन या कामात अडथळा आणते, असे त्यांचे म्हणणे होते. सगळ्यांनी ते मान्य केले नाही. त्यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. पण रोग्याच्या ताटापासून पेशीतल्या रसायनापर्यंत जाण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. यात ज्वारीला बोल लावू नये. दोष होता तो नुसत्या भाकरीवर दिवस काढायला लावणाऱ्या दारिद्र्याचा. भाकरीसोबत डाळ, ताक किंवा शेंगदाण्याची चटणी असली की तूट भरून निघते. शेंगदाण्यात नायासिन चांगले असते.

भूल देण्याचा इतिहासही या शहरात आहे. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि सहाव्या निजामांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर नजर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. तो अपुरा ठरला. हृदय एकाएकी बंद पडू शकते हे १९११ पर्यंत सिद्ध झाले. याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात.

या शहरात पुष्प मित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये पेशी आणि रेणवीय जीवविज्ञानाचे केंद्र सुरू झाले. सगळे त्याला सीसीएमबी म्हणतात. हृदयाच्या स्नायुपेशीतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेली असतात आणि भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत हा दोष आढळतो, असे २००९ मध्ये तिथल्या के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. तरुणपणी पेशी हे सदोष प्रथिन मोडून टाकते; वय वाढले की ते साठते आणि हृदय दुबळे होण्याचा धोका सुमारे सातपट वाढतो.

थंगराज यांचेच दुसरे काम आर्य वैश्य समाजासंबंधी आहे. या समाजात ब्यूटिरिलकोलिनेस्टरेज नावाच्या विकराची उणीव इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्ने होत राहिल्याने एकाच पूर्वजाचा बदल अनेकांत उतरला. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण शस्त्रक्रियेत सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तर ते मोडण्याचे काम याच विकराचे असल्याने निरोगी माणसात काही मिनिटांत ओसरणारा परिणाम अशा माणसात तासन्‌तास टिकतो. श्वासाचे स्नायू सैलच राहतात आणि यंत्राने श्वास द्यावा लागतो. नांदेडपासून हैदराबादपर्यंत पसरलेल्या या समाजातल्या कुटुंबांनी शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आपल्या समाजाचे नाव सांगावे आणि घरात पूर्वी कुणाला भुलीतून उठायला फार वेळ लागला असेल तर तेही सांगावे. साध्या रक्ततपासणीने या विकराची पातळी कळते आणि दुसरे औषध वापरता येते.