पैनगंगेच्या काठाने

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण दक्षिणेला पैनगंगेचा लांबलचक काठ आहे. ईसापूर धरणापासून वणी तालुक्यातल्या जुगादपर्यंत, म्हणजे वर्धा नदीला मिळेपर्यंत, ही नदी पुसद, उमरखेड, महागाव, आर्णी, घाटंजी, केळापूर, झरी-जामणी आणि वणी या तालुक्यांच्या कडेने वाहते. पलीकडे आधी हिंगोली, मग नांदेड, पुढे तेलंगणातलं आदिलाबाद आणि शेवटी चंद्रपूर. इतका मोठा काठ असूनही आपल्याला तो तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. पावसाळ्यात सहस्रकुंडाला जायचं, माहूरच्या रेणुकामातेसाठी धनोड्याचा पूल ओलांडायचा, हिवाळ्यात वाघ पाहायला टिपेश्वर गाठायचं आणि तिथूनच परत फिरायचं. या काठाकडे सलग एक प्रवास म्हणून पाहिलं गेलं पाहिजे. त्याची तशी आखणी आणि राखणही झाली पाहिजे.

अशी आखणी कशी होते ते नॉर्वेत दिसतं. तिथल्या सरकारी रस्ते विभागाने देशातले १८ रस्ते ‘राष्ट्रीय पर्यटन मार्ग’ म्हणून निवडले. लोफोटेन, सेन्या, वारांगर हे त्यातले मार्ग उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, समुद्राला लागून जातात. त्यासाठी नवे महामार्ग खोदले नाहीत. मासेमारांच्या गावांना जोडणारे जुनेच रस्ते घेतले आणि थांबण्याच्या जागा, बाक, स्वच्छतागृहं, दृश्य पाहायचे सज्जे नामवंत वास्तुरचनाकारांकडून करवून घेतले. वारांगर मार्गावरच्या वार्दो गावात तर सतराव्या शतकात चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या ९१ माणसांचं स्मारक २०११ मध्ये उभं राहिलं. निसर्ग पाहायला आलेल्या माणसाला त्या भूमीने सोसलेलंही कळावं, हा विचार मला या योजनेत सर्वांत मोलाचा वाटतो.

पैनगंगेच्या काठावर दाखवण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यांनी आधी इथला दगड पाहावा. आइसलँडमधला स्वार्टिफॉस धबधबा षटकोनी बेसाल्ट खांबांसाठी जगभर ओळखला जातो. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे खांब तयार होतात. तसेच खांब झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ रस्त्याच्या कामात उघडे पडले. ते दख्खनच्या लाव्ह्यातले, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथून पूर्वेला वणी-मुकुटबनकडे गेलं की जमीनच बदलते. बेसाल्टखालचे त्याहून कितीतरी जुने थर वर येतात, चुनखडी आणि कोळसा लागतो. भूशास्त्रज्ञांनी या भागातल्या चुनखडीच्या थरांना नावही पैनगंगेचंच दिलं आहे. पश्चिमेला, उमरखेड तालुक्यातल्या मुरलीजवळ, हीच नदी काळ्या कातळातून अनेक धारांनी कोसळते. तेच सहस्रकुंड. अलीकडे यवतमाळ, पलीकडे नांदेडमधलं इस्लापूर. मध्ये पूस नदीचा हिवरा संगम आहे, पैनगंगा अभयारण्याचं सागवान आहे, कोलाम, गोंड आणि आंध समाजांची गावं आहेत. हा पट्टा सलग आहे हे वाघालाही ठाऊक होतं. रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघाला आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असे जिल्हे पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची भटकंती सुमारे ३००० किलोमीटर भरली.

यावर पहिला आक्षेप असा की काठाने जाणारा सलग रस्ताच नाही. ते खरं आहे. ढाणकी-बिटरगावचा रस्ता नदीजवळ जातो, आर्णीकडचा दूर सरतो, राष्ट्रीय महामार्ग ४४ तर पिंपळखुटीला नदी फक्त ओलांडतो. पण नॉर्वेचा हेल्गेलँड मार्गही मध्येच तुटतो आणि गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, हा दुसरा आक्षेप. वारांगर मार्गाचा वार्दोपुढचा टप्पाही हिवाळ्यात बंदच असतो. ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच हंगाम मानला तरी पुरे. वाघांना त्रास होईल, ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्यावर थांबे नकोत, रात्रीची वाहतूक नको आणि रुंदीकरण तर नकोच. थांबे द्यायचे ते गावांत. तिथे चार घरांना रोजगारही मिळेल.

सगळ्यात वजनदार आक्षेप बंदी भागातून येतो. उमरखेड तालुक्यातल्या अभयारण्यातल्या गावांना याच नावाने ओळखतात. जिथे धड रस्त्यासाठी वनखात्याच्या परवानगीची वाट पाहावी लागते, जिथे काठावर राहूनही दर उन्हाळ्यात ‘ईसापूरचं पाणी नदीत सोडा’ म्हणून मागणी करावी लागते, तिथे पर्यटकांचं कौतुक कशाला? हा प्रश्न डावलून कोणतीही आखणी करणं अन्यायाचं होईल. पर्यटनाने या अडचणी सुटतील असंही मी म्हणत नाही. पण ज्या काठाकडे कोणी पाहतच नाही, त्याच्या तक्रारी मुंबईपर्यंत पोहोचत नाहीत. आणि याच नदीवर होऊ घातलेल्या निम्न पैनगंगा धरणाला बुडित क्षेत्रातली गावं वर्षानुवर्षं विरोध करत आली आहेत. आपण काय गमावणार आहोत, हे तिथल्या माणसांनी वाटसरूला स्वतः सांगावं, यासाठीही हा मार्ग हवा. वार्दोतलं स्मारक रस्त्याला ओझं झालेलं नाही. त्याने त्या रस्त्याला अर्थ दिला.

सुरुवातीला मोठा निधी लागणार नाही. ईसापूर, हिवरा संगम, मुरली, शिबला आणि जुगाद या पाच ठिकाणी मराठीत नीट लिहिलेले फलक, धबधब्याच्या कड्यावर भक्कम कठडा आणि महिलांसाठी वापरण्याजोगी स्वच्छतागृहं एवढं तरी जिल्हा प्रशासनाने करावं. फलकांवर काय लिहायचं ते मात्र आधी त्या त्या ग्रामसभेत ठरावं. शिबल्याच्या खांबांचं संरक्षण तर त्याआधी व्हावं, कारण तो दगड फोडला गेला तर पुन्हा उभा करता येत नाही.