कावसजीचे नाक आणि नाव न नोंदलेला कुंभार

प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासाचा विषय निघाला की येथील प्रस्थापित विद्वान सुश्रुताचे नाव घेतात आणि तेथेच थांबतात. परंतु ज्या एका शस्त्रक्रियेच्या बातमीने ही विद्या युरोपात पोहोचली, ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी काशीत नव्हे, तर 1793 च्या सुमारास आपल्या पुण्याजवळ झाली. तिचा रुग्ण इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक गाडीवान होता आणि शस्त्र हातात धरणारा विटा पाडणाऱ्या जातीतला माणूस. या दोघांचे स्मरण बहुजन समाजाने केले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

रुग्णाचे नाव कावसजी. नावावरून तो पारशी वाटेल, परंतु लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 च्या अंकात त्याची नोंद शेतकरी जातीचा मराठा अशी केली आहे. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. हे वाचून काहींना लगेच हिंदू-मुसलमान वाद उकरून काढावासा वाटेल. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, नाक-कान कापण्याची शिक्षा या देशात कोणत्याही एका धर्माच्या राज्यकर्त्यांची मिरास नव्हती. खरा प्रश्न वेगळा आहे. लढाई राजांची आणि कंपनीची. नाक मात्र कापले गेले ते पोटासाठी बैल हाकणाऱ्याचे. पुढे त्याला कंपनीचे पेन्शन मिळाले, पण गेलेला हात काही परत आला नाही.

वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना जगला. नंतर पुण्याजवळच्या त्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. पद्धत अशी होती. उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचे. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. कातडी अर्धी फिरवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी पाडलेल्या चिरेत तिची कड बसवायची. वरून पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. कातडी जिवंत राहते ती त्या चिंचोळ्या पट्टीतून रक्त पोहोचते म्हणून. नवे नाक धरले की पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. भूल देण्याची सोय नव्हती. ईथरची भूल जगाला दिसली ती 1846 मध्ये. एक हात गमावलेल्या कावसजीने हे सारे शुद्धीवर राहून सोसले.

अशी शस्त्रक्रिया होताना मुंबईच्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती. कावसजीचे चित्र 1794 मध्ये जेम्स वेल्सने काढले. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा हाच तो चित्रकार. ते वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने 23 ऑक्टोबर 1814 रोजी तशीच शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीची ही पद्धत आजही शल्यचिकित्सक वापरतात.

आम्ही वकील मंडळी कागद वाचताना त्यात काय लिहिले आहे हे पाहतो, तसे काय लिहिलेले नाही हेही पाहतो. या नोंदीत रुग्णाचे नाव आहे, पाहणाऱ्यांची नावे आहेत, चित्रकार माहीत आहे. नाव नाही ते ज्याने नाक केले त्याचे. त्याची फक्त जात लिहिली आहे. इंग्रजांनी ते विचारले नाही, हे खरे. पण त्यांच्या आधी पेशवाईतल्या कोणत्या पंडिताने ते लिहून ठेवले? ज्या पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, त्या पुण्याच्या वेशीवर एक कुंभार माणसाचा चेहरा घडवत होता आणि शास्त्र जाणणाऱ्यांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही!

यात आश्चर्य नाही. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी आणि मापासाठी झाडाचे पान सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराकडे कपाळाची कातडी आणि मेण होते. म्हणजे पोथीबाहेर, हातांनी ही विद्या पुढे गेली होती. त्याच संहितेत, कुलवान शूद्राला उपनयनाशिवाय, मंत्र वगळून शिकवावे, असे काहींचे मत म्हणून नोंदले आहे. आणि मनुस्मृतीने तर वैद्याचे अन्न निषिद्ध ठरवले. रक्त-पू हाताळणारा अपवित्र आणि मंत्र म्हणणारा पवित्र! जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. त्या विभागणीने ज्ञान जातीच्या भिंतीत कोंडले. हाताला लिपी मिळाली नाही आणि लिपीवाल्याने हात लावला नाही. म्हणूनच आपल्या दारातली विद्या लंडनच्या छापखान्यातून आपल्याकडे परत आली.

आज अंधेरीत हौसेने नाक सुधारून देणारे दवाखाने आहेत. त्याला आमचा विरोध नाही. परंतु मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या न्यायालयांत ज्यांचा चेहरा मारहाणीत किंवा ॲसिडने बिघडवला गेला अशी माणसे येतात, त्यांचे काय? चेहरा कायमचा विद्रूप करणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे जबर दुखापत आहे. ॲसिडहल्ला व बलात्कारपीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार केले पाहिजेत, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 397 सांगते. बिहारमधील एका दलित मुलीवरील ॲसिडहल्ल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 10 लाख रुपये भरपाई आणि संपूर्ण मोफत उपचारांचा आदेश दिला. हे कायदे वस्तीतल्या कार्यकर्त्याला तोंडपाठ असले पाहिजेत. रुग्णालयाच्या दारात आधी पैसे मागितले गेले, तर नकार लेखी मागा आणि पोलिसांत तक्रार द्या.

कावसजीचे स्मरण म्हणजे केवळ हार घालणे नव्हे. आपल्या मुलामुलींनी शल्यचिकित्सक व्हावे आणि आपल्या कामाखाली स्वतःचे नाव लिहावे. आपल्या माणसाचा मोडलेला चेहरा पैशाअभावी तसाच राहू नये. त्या कुंभाराचे नाव आता सापडणार नाही. पण यापुढे एकाही कष्टकऱ्याची विद्या बेनामी राहणार नाही, एवढी जबाबदारी तरी आपली आहे.