डोलणारी हेरल्ड

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा’ अशी प्रेमळ आज्ञा केली. वैद्यकाबाहेर माझ्याजवळ एकच विषय आहे व तो माझ्या दारातच उभा असतो: वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड. लेख वैद्यकाबाहेर कितपत राहील, याची हमी मात्र देता येत नाही.

तरुण सभासदांसाठी थोडा पूर्वेतिहास. ट्रायम्फ हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात अवतरली. तिचे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराचे. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावाने बनविली. पुढे १९६२ साली हेरल्डचेच अवयव घेऊन ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार निघाली. पुढच्या चाकांची बांधणी, स्टिअरिंग, मागची स्वतंत्र चाके, सारे एकाच वंशाचे. म्हणून आमची हेरल्ड संसारी दिसली तरी तिच्या रक्तात स्पोर्ट्स कार आहे, आणि दुखणीही त्याच घराण्याची आहेत. अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. निपाणीच्या गल्लीबोळांतून आणि भोवतालच्या खेड्यांतून रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणाऱ्या माझ्या डॉक्टर वडिलांना त्याच गुणाची भुरळ पडली होती.

वडील २००९ साली गेले आणि गाडी माझ्याकडे बेळगावला आली. ती क्वचितच बाहेर निघे. २०२२ च्या डिसेंबरात कन्येला शेजारी बसवून निपाणीला निघालो होतो. उसाचा हंगाम. तवंदी घाट उतरताना पुढे चाललेल्या दोन ट्रॉल्यांच्या बाजूने गाडी काढत होतो. वेग साठाच्या आसपास असेल. गाडी आपणहून डावीकडे, थेट उसाकडे सरकू लागली. मी चक्र उजवीकडे फिरविले तर ती गरजेपेक्षा जास्त उजवीकडे गेली; पुन्हा सावरले तर पुन्हा डावीकडे. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी कन्येच्या खिडकीवर घासून गेली. ती काही बोलली नाही. निपाणीत उतरल्यावर मात्र म्हणाली, “बाबा, पुढच्या महिन्यात मी ही कोल्हापूरला नेणार होते ना?”

त्यानंतर जे झाले ते आपल्या व्यवसायात आपण रोज पाहतो. एका गॅरेजने व्हील अलाइनमेंट केले, तेही तीनदा. दुसऱ्याने टाय रॉड एंड बदलले. तिसऱ्याने रॅक घट्ट आवळला, त्याने दुखणे वाढलेच. दोष कुणा एकाचा नव्हे. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा हात फियाटवर बसलेला. तिथे स्टिअरिंग बॉक्समधला ‘प्ले’ काढला की निम्मे काम होते. गाडी भरकटते म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे, या गृहीतावर सगळे चालले होते. मीही.

दवाखान्यात मात्र मी असा वागत नाही. डोलत चालणारे मूल समोर आले की डोलणे हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे आपल्याला पाठ असते. कांजिण्यांनंतर आठ-पंधरा दिवसांनी मूल डोलू शकते, फेनिटॉइनची मात्रा जास्त झाली तरी डोलू शकते, आणि पहाटेच्या उलट्यांसोबत डोलू लागले तर आपली झोप उडते. प्रत्येकाची तपासणी वेगळी. मग गाडीलाच एक न्याय का नाही? एका रविवारी पांढरा कोट न घालता मी तपासणीस बसलो.

आधी टायर. चारही चाकांत तीस पौंड हवा! या गाडीला पुढे मागच्यापेक्षा बरीच कमी हवा लागते, कारण तिची मागची चाके वळणावर कललेली असतात व पुढचा जोर वाढला की शेपूट सुटू पाहते. हवा सुधारली, थोडा फरक पडला. मग पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलविले, नंतर डावी-उजवीकडे धरून हलविले. वर-खाली हलले तर बेअरिंग वा वरखालचे सांधे, आडवे हलले तर टाय रॉड वा रॅक. दोन्हीकडे काही विशेष नाही. कन्येला चक्र फिरवायला बसवून मी खालून पाहिले: रॅकला धरणारे रबर शाबूत. मागे मात्र चाकाला पुढून धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश पार कुजलेले. ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाके स्वतःच थोडी वळत होती! रोग सापडला म्हणून मी आनंदलो. उद्यमबागेत लेथवर नवे बुश करून घेतले. गाडी सुधारली, पण बरी झाली नाही. एकाच रोगात सगळी लक्षणे बसवावीत, असे आपल्याला शिकविलेले असते. येथे रोग दोन होते.

मग एक साधी चाचणी आठवली. मोकळ्या मैदानात हळू वेगाने गाडी वळवून चक्र सोडून दिले. निरोगी गाडीत ते आपणहून मध्यावर येते. आमचे जिथल्या तिथे थांबले. म्हणजे आम्ही तीन महिने सैलपणा शोधत होतो आणि दुखणे ताठरपणाचे होते. चाके स्वतः सरळ होत नसल्याने प्रत्येक दुरुस्ती चालकालाच करावी लागे, आणि ती नेहमी थोडी उशिरा व थोडी जास्त होई. टाय रॉड सोडून दोन्ही चाके हाताने वळवून पाहिली. उजवे सहज फिरले. डावे करकरत, अडखळत.

त्या रात्री निपाणीला आईला फोन केला, सहज म्हणून. ती म्हणाली, “अरे, ते पुढच्या चाकांना तेल द्यायचे. ग्रीस नव्हे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.”

मुलाच्या आईला आधी विचारावे, हे मी गेली पंचवीस वर्षे निवासी डॉक्टरांना सांगत आलो आहे.

या गाडीच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आटे पाडलेला असून कांस्याच्या ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा बसतो. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे. चाक वळते तेव्हा तो त्या आट्यांत फिरतो. तेथे नव्वद नंबरचे गिअर ऑइल द्यावे, अशी कंपनीची सूचना आहे. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही आणि वाळून बसते; पाणी शिरते, आटे गंजतात, झिजतात, आणि एके दिवशी दांडा तुटून चाक बाहेर फाकते. वडिलांमागे गाडी गॅरेजला देताना ‘सगळीकडे भरपूर ग्रीस मारा’ असे दरवेळी सांगणारा मीच होतो. काटकसर नको, ही माझी समजूत!

डावा दांडा काढला तेव्हा आट्यांत मेणासारखे वाळलेले ग्रीस, त्याखाली तांबडा गंज, आणि आटे संपतात तिथे केसाएवढी तडा. उद्यमबागेतल्या लेथवाल्यांनी तो नखाने चाचपला, भिंग लावून पाहिला. “डॉक्टरसाहेब, घाटातनं आणलीसा ही?” एवढेच विचारले. नवा करून देऊ का, असे मी विचारताच ते नको म्हणाले. बुश वेगळे, हे वेगळे. त्यांचा हा नकार मला फार मोलाचा वाटला. स्पिटफायर आजही तिकडे हौशी लोक जपतात, त्यामुळे तिचे सुटे भाग मिळतात. इंग्लंडातल्या मावसभावाने दोन्ही बाजूंचे दांडे व ट्रनियन पाठविले. किंमत घरात सांगितलेली नाही.

२०२३ च्या एप्रिलात कन्येने गाडी कोल्हापूरला नेली. मी शेजारी बसलो होतो. तवंदी घाटातल्या वळणानंतर तिने पकड सैल केली आणि चक्र तिच्या हातांखालून सावकाश मध्यावर आले. परतताना निपाणीच्या घरी माळ्यावर वडिलांची तेलाची छोटी पितळी पिचकारी सापडली. आता तीच वापरतो. तेल देण्याच्या तारखा दवाखान्यातल्या एका लसीकरण कार्डावर लिहून ते गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. वजन आणि उंचीचे रकाने तेवढे रिकामे आहेत.