खतखड्ड्यात काय घालावे, काय घालू नये



पूर्वी बाजारातून माल येई, पण वेष्टन फारसे येत नसे. गूळ कागदात, तांदूळ कापडी पिशवीत, तेल घरच्याच बाटलीत. उरलेसुरले उकिरड्यावर टाकले तरी वर्षभरात त्याची माती होई. आज तालुक्याच्या सुपरमार्केटातून आठवड्याचा बाजार आणला की डाळीच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, अंड्यांचा ट्रे, रसाचे खोके असा ढीग घरात जमतो. जुन्या सवयीने तोही उकिरड्यावर पडतो, शेणखताबरोबर शेतात जातो आणि मग नांगराच्या फाळाला प्लास्टिकच्या चिंध्या अडकतात.

डोळ्यांना दिसते त्याहून हे नुकसान मोठे आहे. प्लास्टिक कुजत नाही. ऊनपावसाने त्याचे फक्त बारीक तुकडे होतात आणि मातीत मिसळलेले ते तुकडे वेचून काढणे कोणाच्याही हातचे नाही. अन्नाच्या वासाने गाय पिशवी गिळते, ती तिच्या पोटात साठून राहते. गाय चारा टाकते, रवंथ सोडते, पोट फुगते आणि कधी दावणीचे जनावर हातचे जाते. म्हणून निवड घरातच, खड्ड्याकडे जाण्याआधी व्हावयास हवी.

कंपोस्टचे शास्त्र आपल्याला परके नाही. १९२४ ते १९३१ या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील कृषिसंशोधन संस्थेत ते पद्धतशीर बसविले. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी पोहोचली. तिचे सूत्र सोपे आहे. सुका काडीकचरा, त्यावर शेण व गोठ्यातील मूत मुरलेली माती, थोडी राख असे थर द्यावे. ओल राखावी, हवा खेळू द्यावी आणि ढीग तीन वेळा वरखाली करावा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

दुकानाचा साधा पुठ्ठा म्हणजे या पद्धतीतला सुका काडीकचराच होय, कारण तोही झाडापासूनच बनतो. मात्र त्यात कर्ब फार व नत्र अगदी थोडे असते. नुसता पुठ्ठा टाकला तर तो महिनोन् महिने तसाच पडून राहतो. त्याचे तळहाताएवढे तुकडे करावे, चिकटपट्टी व पिना काढाव्या, पाण्यात भिजवावे आणि पातळ थर देऊन त्यावर शेणकाला व भाजीपाल्याचा ओला कचरा भरपूर घालावा. अख्खे पुठ्ठे आडवे अंथरू नयेत, त्यांखाली हवा जात नाही. कागदी लगद्याचा अंड्यांचा ट्रे, साधी कागदी पिशवी आणि पत्रावळ हीही खड्ड्यात चालतात.

ओळखावे कसे? तीन सोप्या परीक्षा आहेत. (१) कागद फाडून पाहावा. फाटलेल्या कडेला पातळ पापुद्रा लोंबला तर त्याला प्लास्टिकचे अस्तर आहे. चहाचे कागदी कप बहुधा असेच असतात. (२) चकचकीत वेष्टन मुठीत चुरगळून सोडावे. ते पुन्हा उलगडले तर ते प्लास्टिकच होय. वेफर्सची चंदेरी पाकिटे यात येतात. (३) दुकानाच्या गुळगुळीत बिलावर नख ओढावे. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छापला जाणारा कागद आहे. त्यावर बहुधा बिस्फेनॉल जातीचे रसायन असते, म्हणून तो खतात घालू नये. यांपैकी काहीही खड्ड्यात जाऊ नये.

‘बायोडिग्रेडेबल’ किंवा ‘कंपोस्टेबल’ या छापील शब्दांनी भुलू नये. मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या पुष्कळशा पिशव्या व पेले मोठ्या कारखान्यातील खतासाठी असतात. तेथे सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णता आठवडेच्या आठवडे टिकवून ठेवतात. आपला खड्डा काही दिवस तापतो आणि निवतो, त्यामुळे असा पेला त्यात तसाच राहू शकतो.

उरलेल्या वस्तूंना भंगारात किंमत आहे, पण त्या स्वच्छ हव्यात. पाण्याच्या व तेलाच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, काचेच्या बरण्या धुऊन, वाळवून वेगवेगळ्या पोत्यांत ठेवाव्या. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ किंवा २ आकडा असेल तर भंगारवाला ती सहसा घेतो. रसाच्या खोक्यात सुमारे तीन चतुर्थांश पुठ्ठा आणि बाकी प्लास्टिक व अ‍ॅल्युमिनियम असते. त्याचे थर सुटे करायला वेगळा कारखाना लागतो, तेव्हा ते सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: चूल पेटवायला प्लास्टिक वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो, पीव्हीसी जळताना तर डायॉक्सिन हे घातक विष तयार होते, आणि चुलीपाशी असतात त्या घरच्या माउल्या व मुले.

वेफर्सच्या पाकिटांना मात्र भंगारवालाही सहसा हात लावीत नाही. त्यांचा खरा उपाय दुकानातच आहे: कमी घ्यावी. १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या हातपिशव्यांना ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. तेव्हा बाजाराला निघताना कापडी पिशवी, आणि सुटे तेल मिळत असेल तर किटली, बरोबर घ्यावी.

घरात आजच तीन जागा ठरवाव्या: ओल्यासाठी बादली, साध्या पुठ्ठ्यासाठी टोपली, भंगारासाठी पोते. पुठ्ठा वेगळा काढण्याचे काम मुलांकडे सोपवावे. वरच्या तीन परीक्षा ती हौसेने शिकतील. जमीन आपण पुढच्या पिढीच्या हाती देणार आहोत. ती चिंध्यांविना द्यावी.