कुंपण कुत्र्याच्या डोळ्यांनी बघा



गळीत हंगाम संपला आणि हात जरा मोकळे झाले, तसे आम्ही उभयता वसईला मुलाकडे गेलो. वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे केळीच्या अन् फुलांच्या वाड्या, मधून चिंचोळे रस्ते आणि आता वाड्यांना खेटून घरे. मुलाच्या घराच्या बाजूला ८ फूट रुंद, ३० फूट लांब पट्टी नुसती पडून होती. शेतकऱ्याला पडीक जमीन बघवत नाही. पट्टी हिरवी करू, मोतीलाही हिंडायला होईल, असे ठरवून आम्हीच फावडे हाती घेतले.

पहिल्या खेपेला दिसायला छान म्हणून बांबूच्या कामट्यांचे कुंपण केले आणि त्याला लागून मोगरा लावला. चौथ्या दिवशी मोती बाहेर! १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईच्या किल्ल्याचा बुरूज पाडला. आमच्या मोतीने कुंपणाखालून सुरुंग काढला. पण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. शेजारचा मुलगा सायकलवरून चालला होता. मोती भुंकत अंगावर गेला आणि पोर पडले. चावला नाही, पण कोपर फुटले. त्याच्या आईसमोर आमची मान वर होईना. कुत्रा आपला, मग दोषही आपलाच.

दुसऱ्या खेपेला आम्ही जमिनीवर बसून, कुत्र्याला काय दिसते ते पाहिले आणि मग कामाला लागलो.

कुंपणालगत आतून तारेची जाळी लावली. तिचा खालचा फूटभर भाग आतल्या बाजूला आडवा दुमडून मातीत गाडला आणि वर दगड दाबले. कुत्रा कुंपणाच्या बुडाशीच उकरतो; जाळी नखाला लागली की नाद सोडतो. फाटकाखालच्या फटीत दगडी उंबरा बसवला. सांडपाण्याच्या मोरीच्या तोंडाला जाळी लावली, पण बुजवली नाही. कोकणचा पाऊस तो! पागोळ्यांचे पाणी भिंतीत न मुरता बाहेर जावे म्हणून जमिनीला उतार दिला.

कुत्रा कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतोच. म्हणून ती दोन फूट वाट त्याला मोकळी सोडली आणि झाडे घराच्या बाजूला जांभ्या दगडांच्या उंच वाफ्यात घेतली: सोनचाफा, मोगरा, कर्दळ. एका कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकला; उकरायची हौस तिथे भागते. मोती जिथे मुततो तिथली पाने करपू लागली. युरियाचा डोस जास्त झाला की उसाचे पान करपते, तसलाच प्रकार. लगेच तांब्याभर पाणी ओतले की भागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कण्हेर, धोतरा आणि शेर कुत्र्याच्या जागेत नकोत. कण्हेर आणि धोतरा पोटात गेले की विष. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा. आणि सवयीने आम्ही वाफ्यात एरंडीची पेंड टाकणार होतो! मोतीला रेबीजची लस टोचायला नेले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी वेळीच सावध केले. तिच्यात जहाल विष असते आणि कुत्री ती आवडीने खातात. आम्ही कुजलेले शेणखत घातले.

तुमच्या वस्तीवरही परसात कुत्रा असेल. तिथे उसाचे पाचट पसरा, ओल टिकते. मात्र थर पातळ ठेवा, दाट थरात उंदीर अन् त्यांच्यामागे साप येतो. पेंडीचे पोते उंचावर ठेवा.

पावसाळ्यात मुलाकडे पुन्हा गेलो. तो सायकलवाला मुलगा जाळीतून मोतीला पोळीचा तुकडा देत होता. आम्ही काही बोललो नाही. पण कुंपणाचे सगळे कष्ट वसूल झाले.

— एक ऊस उत्पादक सभासद