एक शब्द, अनेक अर्थ

‘वर’ हा शब्द आपण दिवसांतून कितीदां तरी ऐकतों. वर घोड्यावर बसला, देवीनें वर दिला, पुस्तक वर ठेव. शब्द तोच, परंतु अर्थाविषयीं लहान मुलालाही शंका येत नाहीं. शेजारचे शब्दच त्याला अर्थ सांगतात. मग इंग्रजी वाचतांना हीच युक्ति आपण कां विसरतों बरें?

‘स्लीपर’ म्हणजे निजणारा, एवढेंच पाठ केलेला दौंडचा विद्यार्थी रेल्वेवरील धड्यांत तो शब्द आला कीं अडतो. वस्तुतः दौंड हें रेल्वेचें जंक्शन. रुळांखालचे ते आडवे ठोकळे त्यानें नित्य पाहिलेले असतात. ‘फिशप्लेट’ ही मासे वाढण्याची ताटली नव्हे, तर दोन रुळांचीं टोकें जोडणारी लोखंडी पट्टी होय. तसेंच घोडनदीकांठच्या शिरूरच्या मुलानें नदीच्या वर्णनांत ‘बँक’ म्हणजे पेढी समजूं नये. तेथें तो नदीचा तीर.

अर्थ चुकल्यास केवळ गुणच जातात असें नाहीं. २०१३ सालापर्यंत आपल्याकडे तारा येत असत. समजा, ‘मदर वेल’ एवढीच तार आली आणि वाचणाऱ्यास ‘वेल’ म्हणजे विहीर एवढेंच ठाऊक असलें, तर घरांत आकांत होणार! वस्तुतः तार सांगते, ‘आई बरी आहे.’ ती विहिरींत पडली असती, तर ‘पडली’ हें क्रियापद तारेंत असतेंच.

म्हणून अनोळखी शब्द भेटला कीं प्रथम तो नाम आहे कीं क्रियापद, हें पाहावें. नंतर विषय कोणता, हें ध्यानांत घ्यावें. मग मागचें-पुढचें वाक्य वाचावें, व सुचलेला अर्थ वाक्यांत घालून तो जुळतो कीं नाहीं हें पडताळावें. शेवटीं कोश उघडावा. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व थॉमस कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. अशा कोशांत एका शब्दापुढें अनेक अर्थ दिलेले असतात. पहिलाच उचलणें धोक्याचें. कोश अर्थ पुढें मांडतो, निवड वाचकानेंच करावयाची असते.

पालकांनींही मुलास सुटा शब्द न विचारतां सबंध वाक्य वाचावयास सांगावें. मात्र औषधाच्या बाटलीवरील सूचनेचा अर्थ कोणीही तर्कानें ठरवूं नये. तेथें जाणत्यास विचारण्यांत कमीपणा नाहीं, शहाणपण आहे.